मे महिन्याची सुट्टी आणि आपलं विशेष मूल : वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत : शाळा बंद झाली, थेरपी बंद झाली, आता दीड महिना घरात काय करायचं? निवडक पत्रं थोडक्यात देत आहोत. उत्तरं विशेष शिक्षण आणि थेरपीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. शाळा असते तोवर ठीक चालतं. सुट्टी लागली की तिसऱ्या दिवसापासून किंचाळणं, डोकं आपटणं सुरू. रोज सकाळी दप्तर घेऊन दाराशी उभा राहतो. मोबाइल दिला की शांत, काढला की दुप्पट गोंधळ. — एक आई, पुणे

दप्तर घेऊन दाराशी उभं राहणं हाच त्याचा प्रश्न आहे. 'उद्यापासून सुट्टी हं' हे आपण तोंडाने सांगितलं, पण ते हवेत विरलं. व्हॅन का आली नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवं.

भिंतीवरचं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर घ्या. सुट्टीच्या प्रत्येक चौकोनात घराचा छोटा फोटो आणि शाळा सुरू होण्याच्या तारखेला शाळेच्या फाटकाचा फोटो चिकटवा. रोज रात्री झोपताना त्याच्याच हाताने त्या दिवसावर फुली मारून घ्या. चाळीस चौकोन त्याला झेपत नसतील तर पुठ्ठ्याच्या पट्टीवर सातच चौकोन आखा आणि दर रविवारी नवी पट्टी लावा.

दिवसाचा तक्ता वेगळा. खऱ्या वस्तूंचे फोटो काढा : त्याचा टूथब्रश, त्याची बादली, त्याचं ताट. नेटवरची चित्रं नकोत, कारण तो टूथब्रश त्याचा नसतो. फोटो छोट्या आकारात छापून कापा आणि मागे वेल्क्रो लावा; शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात ती मीटरवर मिळते. एका वेळी पाच-सहा फोटो, वरून खाली. एक काम संपलं की फोटो त्याने स्वतः काढून, फट पाडलेल्या बुटाच्या खोक्यात टाकायचा. ते खोकं म्हणजे 'झालं'.

हे तक्ते बहुतेक घरांत आठवडाभरात शोभेचे होतात. आई एकटीच फोटो बदलते आणि मूल तिकडे पाहतही नाही. किंवा फोटोखाली '१० वाजता' असं लिहिलेलं असतं, पाणी उशिरा येतं, अंघोळ साडेदहाला होते आणि त्यावरूनच रडारड सुरू होते. म्हणून क्रम दाखवा, वेळ नको. एक कोरं पिवळं कार्डही ठेवा, 'बदल' नावाचं. पहिले सात-आठ वेळा ते फक्त गोड बदलासाठी वापरायचं. लिहिण्याच्या जागी पिवळं कार्ड आणि मागोमाग कुल्फी. पिवळं कार्ड म्हणजे संकट नाही, हे पटल्यावरच त्याच्या आडून 'आज बागेत जाता येणार नाही' हे सांगावं.

सगळा दिवस भरायला जाऊ नका, दोन्हीकडचे दमतात. शाळेच्या दिवसातल्या तीनच गोष्टी त्याच वेळी ठेवा : उठणं, कपडे बदलून दाराबाहेर पडणं आणि डबा. व्हॅन साडेसातला येत असेल तर साडेसातला खाली जाऊन एक चक्कर मारून परत या. साडेदहाची मधली सुट्टी असेल तर साडेदहाला तोच स्टीलचा डबा, तीच पोळी-भाजी, घरातल्या एका ठरलेल्या चटईवर.

मोबाइलचं भांडण बहुधा बंद करण्याच्या क्षणाचं असतं. व्हिडिओ अर्ध्यावर तोडू नका. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा, म्हणजे शेवट आपोआप दिसतो. 'दोन व्हिडिओ' असं ठरवून टेबलावर दोन बिल्ले ठेवा, एक संपला की एक उचला. मोबाइल गेल्यावर लगेच समोर येणारी गोष्ट त्याच्या आवडीची हवी. मोबाइल काढून वही पुढे केली की कुठलंही मूल चिडेल. 'बॅटरी संपली' हे खोटं घरोघरी चालतं, पण मुलाला चार्जर कळला की तेही संपतं.

खरी कठीण वेळ दुपारी बारा ते चार. त्याच्या अर्धा तास आधी अंगाला जोर लागणारं काम द्या : लिटरच्या भरलेल्या दहा बाटल्या स्वयंपाकघरातून बाल्कनीत न्यायच्या, दोन उशा भरलेली पिशवी ओढायची, कणीक तिंबायची. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. स्नायूंना आणि सांध्यांना असा ताण मिळाला की पुष्कळशी मुलं निवळतात.

डोकं आपटत असताना मध्ये उशी धरा आणि बोलणं कमी करा. समजावण्याची ती वेळ नसते. पाच दिवस वहीत तीन रकाने लिहा : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. कारण बहुधा त्यातूनच दिसतं. आपटणं एकाएकी वाढलं असेल तर दात, कान आणि पोट आधी तपासून घ्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडून शौचाला घट्ट होतं, आणि न बोलता येणारं मूल ते डोकं आपटून सांगतं.

मुलगी सहा वर्षांची, ऑटिझम. हात सोडून पळते. मे महिन्यात गावी दिराचं लग्न आहे. घरामागे विहीर आहे. वाजंत्री, फटाके तिला सहन होत नाहीत. सासूबाई म्हणतात, चार माणसांत मिसळली की सुधारेल. — साताऱ्याची सून, मुक्काम ठाणे

आधी विहीर. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते, आणि अशी मुलं घरातून निसटतात तेव्हा जीवघेणे अपघात सर्वांत जास्त पाण्यात बुडूनच होतात. जायच्या आठवडाभर आधी फोन करून विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घ्या. पाण्याची टाकी, हौद, शेततळं कुठं कुठं आहे तेही विचारून घ्या. पोहोचल्यावर चहाच्या आधी घराभोवती एक फेरी मारा, गुडघ्यावर बसून, तिच्या उंचीवरून बघत. कुंपणातली फट आपल्याला उभ्याने दिसत नाही. मागच्या दाराला वरच्या बाजूला कडी आणि घुंगरांची माळ लावा.

लग्नघरात पन्नास माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघतोय. म्हणून तासातासाची पाळी लावा आणि ज्याची पाळी त्याच्या गळ्यात लाल उपरणं. ते दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय पाळी संपत नाही, मग आहेर राहिला तरी चालेल. रोज सकाळी कपडे घातल्यावर तिचा एक फोटो काढून ठेवा. हातावर मेंदीच्या कोनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा. लग्नात ते वेगळंही दिसत नाही आणि पुसलं जात नाही. साधी मेंदी वापरा, 'काळी मेंदी' नको, तिच्यातल्या रसायनाने अंगावर फोड येऊ शकतात. मुलगी दिसेनाशी झाली तर पहिली दोन माणसं थेट पाण्याकडे पळतील, बाकीचे घर शोधतील आणि एकजण ११२ ला फोन लावेल. हे आधीच ठरवून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही.

आवाजासाठी कानांवर बसणारे मफ मिळतात, लहान मुलांच्या मापाचे. त्यांनी आवाज बराच दबतो, पूर्ण जात नाही. थेट मांडवात पहिल्यांदा चढवले तर ती भिरकावून देईल. दोन आठवडे आधी, आवडतं गाणं किंवा खाऊ चालू असताना, एक मिनिट. मग दोन, मग पाच. दिवसभर घालून ठेवू नका, नाहीतर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. कानात कापूस खोल कोंबू नका.

एक खोली मागून घ्या : पंखा, पडदा ओढलेला, तिची घरची चादर, तिची उशी. मांडवात वीस मिनिटं, खोलीत तासभर, पुन्हा वीस मिनिटं. बसायची जागा दाराजवळ, स्पीकरपासून लांब. ती रडायला लागल्यावर नव्हे, हसत असतानाच उठा. रडल्यावर उठलात तर रडलं की सुटका होते हे ती शिकेल. डोक्यावर पडणाऱ्या अक्षता काही मुलांना खड्यांसारख्या टोचतात, तेवढा वेळ बाहेर थांबलात तरी लग्न लागतंच.

जेवणासाठी तिचंच ताट, पेला आणि ती खाते त्याच बिस्किटांचे पुरतील तेवढे पुडे न्या. नवा पदार्थ शिकवायची ही जागा नाही.

सासूबाईंना व्याख्यान देऊ नका, काम द्या. "आई, तिला ओढून मांडीवर घेऊ नका. तुम्ही पडवीत शेंगा सोलत बसा, टोपल्यात तिच्यासाठी चार ठेवा. ती स्वतः येईल." बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. मिसळणं म्हणजे काय, हे आजीला यातून जास्त कळतं.

मुलगा दहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम). दोन्ही पायांना एएफओ, म्हणजे पाऊल आणि घोटा सरळ ठेवणारे प्लॅस्टिकचे साचे. उन्हाळ्यात लाल चट्टे उठतात. शाळेतली थेरपी आता जूनअखेरपर्यंत बंद. महिनाभर एएफओ काढून ठेवले तर चालेल का? — नागपूर

पूर्ण काढून ठेवू नका. या वयात हाड वाढतं, पण ताठर पोटरी त्याच्या वेगाने लांबत नाही. काही आठवड्यांत टाच वर राहायला लागते आणि तेच एएफओ पायात बसेनासे होतात. विदर्भातल्या उन्हात वेळ बदला : सकाळी सात ते दहा, संध्याकाळी सहानंतर. एकूण किती तास घालायचे हे तुमच्या थेरपिस्टना विचारूनच ठरवा.

मोजे गुडघ्यापर्यंतचे, सुती, शिवण बाहेर राहील असे उलटे घातलेले. एकही सुरकुती नको. दिवसाला दोन जोड. पावडर टाळा, घामाने तिचे गोळे होऊन तेच टोचतात. घालताना गुडघा वाकवा, टाच मागे तळाशी टेकवा, आधी घोट्याचा पट्टा आवळा, मग वरचा. घाईत वरचा पट्टा आधी लावला की टाच वर सरकते आणि चट्टा उठतो. बरेचसे चट्टे याच चुकीचे असतात.

काढल्यावर घड्याळ बघा. लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर काळजी नाही. राहिली, किंवा फोड आला, तर घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे जा. बोटं पुढच्या कडेबाहेर आली असतील तर माप लहान झालं आहे. घरी गॅसवर तापवून वाकवायचा प्रयोग करू नका.

पोटरीचा ताण अंघोळीनंतर द्या. गुडघा सरळ. तुमच्या तळहातात त्याची टाच, तुमचं मनगट ते कोपर त्याच्या तळव्याला टेकलेलं. टाच खाली ओढत पाऊल वर आणायचं, तीस सेकंद थांबायचं, पाच वेळा, दोन्ही पाय. नुसतं बोटांकडून ढकललं तर पाऊल मधूनच वाकतं. बघणाऱ्याला छान ताण दिसतो, पोटरीला काहीच मिळत नाही. शाळा बंद होण्याआधी थेरपिस्टकडून तीनच व्यायाम मागून घ्या, पंधरा नकोत, आणि ते तुम्ही करताना मोबाइलवर चित्रण करून घ्या. थेरपिस्टचे हात चालताना सगळं सोपंच दिसतं.

पाण्याकडेही लक्ष ठेवा. गिळताना त्रास होतो म्हणून किंवा शू कोण करवणार म्हणून ही मुलं पाणी टाळतात. ताठ बसवून थोडं थोडं द्या. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर पेय किती दाट हवं ते थेरपिस्टना विचारा. कित्येकांना आंबील, दाट ताक सोपं जातं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

सुट्टीत गोळ्या बंद ठेवल्या तर शरीराला आराम मिळतो असं ऐकलं. खरं का? — नाशिक

कुठली गोळी त्यावर आहे. एडीएचडीसाठीचं (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) मिथाइलफेनिडेट काही मुलांना डॉक्टर सुट्टीत थांबवतात, भूक आणि वजन सुधारावं म्हणून. ते रोजच्या रोज काम करतं, त्यामुळे थांबवणं शक्य असतं. एडीएचडीचंच दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन, त्याला परिणाम दाखवायलाच काही आठवडे लागतात, ते मनाने तोडू नका. खूप चिडचिड, आक्रमकपणा यांसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोनही एकदम बंद करायचं नसतं. फिटच्या औषधाला सुट्टी नाही, एका डोसाचीही.

त्यातही टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर ऐका : या औषधांनी काही मुलांचा घाम कमी होतो. मूल तापलेलं, लालसर आणि कोरडं दिसलं तर ताबडतोब सावलीत आणा, ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा आणि डॉक्टरांना गाठा.

गावी जाताना आठवडाभराचं जास्तीचं औषध दोन वेगळ्या पिशव्यांत आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. जागरण हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे, हळदीच्या रात्री हे विसरलं जातं. फिट आली तर कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल लांब ठेवा. पाच मिनिटांवर गेली तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा दिला असेल तर तो कधी आणि किती द्यायचा, हे बरोबर असणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

मुलगी चौदा वर्षांची, डाउन सिंड्रोम. दोन शिबिरांनी नाही म्हटलं, तिसरं घ्यायला तयार आहे, तिथे ट्रॅम्पोलिन आणि जिम्नॅस्टिक्स आहे. घरी राहिली तर टीव्हीसमोरून हलत नाही. — कोल्हापूर

ट्रॅम्पोलिन, कोलांट्या, पाण्यात सूर मारणं यांना डॉक्टरांनी मान तपासेपर्यंत नाही म्हणा. डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात आणि झटक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. चालण्यात अलीकडे फरक पडला असेल, मान दुखत असेल, शी-शूवरचा ताबा गेला असेल तर शिबिराचा विचार सोडून आधी डॉक्टरांकडे. चित्रकला, नाच, मातीकाम यांना हरकत नाही.

घरी या सुट्टीत एकच काम पूर्ण शिकवा. आमची शिफारस कैरीचं पन्हं, कारण ते रोज लागतं आणि पाहुण्यांपुढे ठेवता येतं. शिकवायचं शेवटाकडून. पहिले चार दिवस सगळं तुम्ही करा, तिने फक्त पेल्यात तयार गर घालून पाणी ओतायचं, ढवळायचं आणि आजोबांना नेऊन द्यायचं. कौतुक लगेच मिळतं आणि काम तिच्या हातून संपलेलं असतं. ते जमलं की गूळ-मीठ मिसळणं तिच्याकडे, मग गर काढणं, मग साल. कुकर सगळ्यात शेवटी, तोही तुम्ही शेजारी उभ्या राहून.

मापं तिला वाचावी लागू नयेत अशी ठेवा. दोन मध्यम कैऱ्या उकडून निघणारा गर एक वाटी धरा. त्याला गूळ दोन वाट्या. कैरी आंबट नसेल तर दीड. लाल टेप लावलेली वाटी फक्त यासाठीच. अर्धा चमचा मीठ, चिमूटभर वेलची. पेल्यात दोन मोठे चमचे मिश्रण. पेल्याला बाहेरून टेपची रेघ मारा, पाणी तिथपर्यंत. प्रत्येक पायरीचा फोटो ओट्यावरच्या फरशीला क्रमाने चिकटवा.

बिघडतं ते आपल्या हातामुळे. ती थांबली की आपण चमचा घेतो. मनात दहा आकडे मोजा, मग फक्त पुढच्या फोटोवर बोट ठेवा, तोंडाने बोलू नका. सांडलं तर फडकं तिच्याच हातात. टीव्ही काढून घ्यायची गरज नाही, पन्ह्यानंतर लावा.

धाकटी पाच वर्षांची म्हणते, 'दादाचीच सुट्टी आहे, माझी नाही.' — छत्रपती संभाजीनगर

तिचं बरोबर आहे. रोज वीस मिनिटं फक्त तिची, ठरलेल्या वेळी, दादाला दुसऱ्या कोणाकडे देऊन. दादाने तिचा चित्राचा कागद फाडला तर 'त्याला कळत नाही गं' म्हणून विषय मिटवू नका, तिच्यासाठी कुलूप असलेला एक खण द्या. आणि दादाला सांभाळायचं काम तिला देऊ नका. पाणी आणून देणं वेगळं, पहारा वेगळा.

शाळा सुरू होताना दरवर्षी पहिला आठवडा रडण्यात जातो. या वेळी नवा वर्ग, नव्या बाई. — डोंबिवली

तयारी दहा दिवस आधी सुरू करा. झोप दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. एका फटक्यात दोन तास अलीकडे आणायला गेलात तर मूल अंथरुणात जागं पडून राहतं. गणवेश आधी धुऊन मऊ करा, कॉलरमागचं लेबल मुळापासून उसवा. नवे बूट घरात रोज पंधरा मिनिटं. पाऊस सुरू झाला असेल तर रेनकोटचीही सवय याच दिवसांत करा. प्लॅस्टिकचा थंड चिकट स्पर्श आणि अंगावर पावसाचा आवाज, हे दोन्ही पहिल्याच दिवशी एकदम आले तर रडणं रेनकोटचं असतं आणि आपण ते शाळेचं समजतो.

शिक्षक शाळेत यायला लागले की परवानगी काढून रिकाम्या वर्गात अर्धा तास जा. बाक, नळ, संडास आणि बाईंचा फोटो काढा, घरी रोज एकदा बघा. बाईंना एक पान द्या, एकच, फाइल नको. मूल काय बोलून किंवा कसं सांगतं, शू लागल्यावर काय करतं, कशाने बिथरतं, बिथरल्यावर काय करावं, काय मुळीच करू नये. सहाव्या ओळीत त्याला काय छान येतं ते लिहा. पहिले दोन-तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंतच ठेवू देतील का, हे शाळेला विचारा. देत असतील तर घ्यायची वेळ पक्की ठेवा आणि फाटकाशी पाच मिनिटं आधीच उभ्या राहा.